कोल्ह्याचे कान कुठे गेले? विणून फेल्ट केलेल्या छोट्या ब्रूचबद्दल जरा सविस्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात झालंय असं, की तुम्हाला पाचेक सेंटिमीटरचा कोल्ह्याच्या तोंडाचा ब्रूच करायचा होता, पॅटर्नमध्ये दिल्याप्रमाणे कानांसकट विणला, फेल्ट व्हायला, म्हणजे लोकर आटून एकमेकांत गुंतून घट्ट कापड व्हायला, मशीनमध्ये ६० डिग्रीला टाकला आणि बाहेर आला तो बटाटा. कान गायब, नाक गायब. मग दुसरी लोकर आणून परत विणला, तर तो जसा आत गेला तसाच बाहेर आला, फक्त ओला. आणि आता विचारताय की लोकर कुठली घ्यावी, मशीन कशावर लावावं, आणि तो पहिला बटाटा हौसेने जॅकेटला लावला तर सारखा पुढे मान टाकतो, त्याचं काय करायचं.

लोकरीचं आणि पाण्याचं सांगतेच, पण माझ्या मते मूळ घोळ दुसरीकडेच आहे. तुम्ही विणकामाकडून चेहरा मागताय. एवढ्याशा मापात विणकाम चेहरा देत नाही हो, आणि ओढूनताणून दिलाच तर गरम पाणी तो पुसून टाकतं. मी बरीच वर्षं हे असले छोटे प्राणी करते, कोल्हे, घुबडं, साळू, ससे, आणि सुरवातीची दोनेक वर्षं मीही हेच करत होते, पॅटर्नमध्ये कान दिलेत म्हणजे कान येणारच. येत नाहीत. आता माझ्याकडे कामाची वाटणी ठरलेली आहे, विणायच्या सुयांनी फक्त कापड करायचं, पाण्याने ते कापड घट्ट करायचं, आणि नाक-डोळे-कान सगळं शेवटी फेल्टिंगच्या सुईने (कोरडी लोकर टोचून टोचून बसवायची खाचांची सुई, तिच्याबद्दल पुढे सांगते).

का ते एकदा आकडे मांडून बघा, म्हणजे पटेल. मध्यम जाडीची डीके लोकर ५ मिमीच्या सुयांवर सैल विणली तर साधारण १० सेंटिमीटरला १८ टाके आणि २४ ओळी बसतात. फेल्ट झाल्यावर ते कापड माझ्या हाताने रुंदीत अंदाजे २० टक्के आणि उंचीत ३० टक्के आटतं (तुमचं वेगळं आटेल, त्यावर पुढे येते). म्हणजे तयार ब्रूच ५ बाय ५ हवा असेल तर आटायच्या आधी तो सव्वासहा सेंटिमीटर रुंद आणि सातच्या जरा वर उंच पाहिजे. टाक्यांत सांगायचं तर ११ टाके आणि १७ ओळी. बस्स, अख्खा कोल्हा ११ टाक्यांत! त्यात एका कानाच्या वाट्याला येणार तीन टाके आणि चार ओळी, आणि त्या चार ओळी पाण्यात आटून एकमेकींत शिरल्या की उरतो तो कान नसतो, पुटकुळी असते. मोठ्या पिशव्या, चपला, टोप्या फेल्ट करताना हे जाणवत नाही कारण तिथे शेकड्याने टाके असतात, कोपरा थोडा गोल झाला तरी कोपराच राहतो. इथे मात्र प्रत्येक टोक गोल होतं, कारण टोकाला घर्षण सगळ्यात जास्त बसतं. पॅटर्न लिहिणाऱ्याची चूक असेलच असं नाही, त्याने कदाचित बारीक लोकर वापरली असेल किंवा अर्धवटच फेल्ट करून थांबला असेल, पण तुमच्या हातात ते तसंच येईल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही.

आता दुसरा कोल्हा का आटला नाही ते. लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात, कौलांसारखे एकावर एक, सगळे टोकाच्या दिशेला. ओलावा, ऊब आणि साबण यांनी केस मऊ होतो, खवले जरा उचलले जातात, आणि मग चोळलं की केस एकाच दिशेने सरकतात आणि खवल्यांमुळे मागे येऊ शकत नाहीत, एकमेकांत अडकत जातात. म्हणून तर फेल्ट झालेलं उलट करता येत नाही. (तसं काटेकोर बोलायचं तर विणलेलं किंवा मागावरचं कापड असं आटवण्याला फुलिंग म्हणतात आणि सुट्या तंतूंपासून केलं तर फेल्टिंग, पण सगळेच फेल्टिंग म्हणतात, मीही म्हणते.) ज्या लोकरीवर सुपरवॉश प्रक्रिया केलेली असते तिचे हे खवले रसायनाने बोथट केलेले असतात आणि बहुतेक वेळा वर पॉलिमरचा पातळ थरही दिलेला असतो, मुद्दामच, की स्वेटर मशीनमध्ये टाकला तरी आटू नये. तुमची दुसरी लोकर नव्वद टक्के तीच असणार. तुम्ही लिहिलंय की लेबलवर शंभर टक्के लोकर आहे, ते खरंच असेल, पण त्याच लेबलवर मशीनमध्ये धुता येईल अशी खूण आहे का बघा. असेल तर ती लोकर उत्तम आहे, टोपी विणा, फेल्टिंगला नको.

लेबल हरवलं असेल तर वीतभर धागा चिमट्याने धरून सिंकवर जाळून बघा. लोकर केस जळल्यासारखी वास मारते, ज्योत लांब केली की बहुधा विझते आणि राख बोटांनी चुरडते. ॲक्रिलिक वितळून कडक काळा मणी होतो. पण लक्षात घ्या, सुपरवॉशही लोकरच असल्यामुळे लोकरीसारखीच जळते, म्हणून ही परीक्षा अर्धीच. उरलेली अर्धी अशी, की धाग्याचा तुकडा मोकळा करून तळहातावर घ्या, गरम पाण्याचे दोन थेंब आणि साबणाचं बोट लावा आणि दोन्ही हातांत गोळी वळल्यासारखं दोनतीन मिनिटं चोळा. घट्ट गोळी झाली, ओढून सुटत नाही, तर लोकर कामाची. विसविशीत राहिली तर सोडून द्या. मी दुकानातून आणलेली कुठलीही नवी लोकर आधी अशी हातावर घेते, त्यात माझी किती विणकामं वाचली असतील कोण जाणे.

रंगाचंही एक आहे. एकाच कंपनीची एकाच जातीची लोकर, पण रंग वेगळा तर आटणं वेगळं, कारण रंगवताना आणि ब्लीच करताना केसावर वेगवेगळा परिणाम झालेला असतो. शुभ्र पांढरी, ब्लीच केलेली लोकर पुष्कळदा हट्टीपणा करते, नारिंगी आटून मोकळी होते आणि पांढरी अजून तशीच. तुमच्या पॅटर्नमध्ये गालांचा पांढरा भाग विणलेला होता ना? तिथेच तो बटाटा वाकडा झाला असणार, एक बाजू आटली आणि एक नाही. वर नारिंगी आणि काळ्याचा रंग गरम पाण्यात सुटला तर पांढऱ्यावर चढतो ते वेगळंच. म्हणून माझा नियम असा की विणायचं एकाच रंगात, बाकीचे रंग कोरडे, नंतर, सुईने.

आता करायचं कसं ते सांगते. आधी नमुना विणा. हो हो, माहितीये कोणालाच आवडत नाही, ११ टाक्यांच्या कामासाठी २० टाक्यांचा नमुना म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पण हा नमुना वाया जात नाही, पुढे त्यातूनच कान आणि मागचं अस्तर निघणार आहे, त्यामुळे निवांत विणा. २० टाके घाला, एक सुई सुलट एक सुई उलट अशा २४ ओळी, ५ मिमीवर. त्या लोकरीला लेबलवर ४ मिमी सुया सांगितल्या असतील तरी ५ घ्या, सैल विण पाहिजे, केसांना सरकायला जागा नसेल तर ते अडकणार कुठे. विण इतकी सैल दिसली पाहिजे की जरा लाजच वाटावी. मधे ८ बाय ८ सेंटिमीटरचा चौकोन मोजून चार कोपऱ्यांना सुती दोऱ्याच्या गाठी मारा, सुती दोरा लोकरीसारखा फेल्ट होत नाही त्यामुळे गाठी शेवटपर्यंत दिसतात. फेल्ट झाल्यावर गाठींमधलं अंतर मोजा. रुंदीत ६.४ आणि उंचीत ५.६ आलं तर तुमचं आटणं माझ्यासारखंच, वरचे आकडे जसेच्या तसे वापरा. वेगळं आलं तर हवं ते माप भागिले उरलेला भाग, म्हणजे रुंदीत ८ चे ६ उरले तर ५ सेंटिमीटरसाठी ५ भागिले ०.७५, साधारण पावणेसात सेंटिमीटर विणायचं. माझं आणि तुमचं सारखं येणारच नाही खरं तर, लोकर वेगळी, पाणी वेगळं (जड पाण्यात साबणाला फेसच येत नाही), हाताचा जोर वेगळा, आणि कुठे थांबलात तेही वेगळं. म्हणून कोणी छातीठोकपणे अमुक मिनिटं अमुक टाके सांगितलं तर ऐकून घ्या आणि नमुना विणा.

कोल्ह्याचं कापड असं. ३ टाके घाला, ही हनुवटी. एक सुई सुलट एक सुई उलट, आणि प्रत्येक सुलट ओळीत दोन्ही कडांना एकेक टाका वाढवा, म्हणजे ५, ७, ९ आणि सातव्या ओळीला ११. मग न वाढवता सतराव्या ओळीपर्यंत सरळ जा आणि टाके सैल बंद करा. सैल म्हणजे खरंच सैल, घट्ट बंद केले तर ती कड आटताना दोरीसारखी आवळते आणि कपाळ आत ओढलं जातं. दिसायला हा तुकडा खाली टोक असलेल्या ढालीसारखा दिसेल, अजिबात कोल्हा वाटणार नाही, वाटायलाही नको. कान विणायचे नाहीत, नाक विणायचं नाही. सुटी टोकं लगेच कापू नका, मागच्या बाजूने ओवून टाका, ती तिथेच फेल्ट होऊन बसतील.

मशीन की हात? मोठ्या कामाला मशीन ठीक आहे. एवढ्याशा तुकड्याला नको, कारण मशीन थांबवून दर दोन मिनिटांनी बघता येत नाही आणि बघितलं नाही की बटाटा. हाताने करा. एका भांड्यात सोसवेल तेवढं गरम पाणी, रबरी हातमोजे घातले तर अजून जरा गरम चालतं, आणि लिक्विड साबणाचे दोनतीन थेंब. जास्त साबण घातला की नुसता फेस होतो आणि हात घसरतो, घर्षणच लागत नाही. पहिली तीनचार मिनिटं हळू, तळहातांमध्ये धरून गोल गोल, केस जरा पकडायला लागेपर्यंत. सुरवातीलाच जोरात रगडलंत तर तुकडा स्वतःलाच चिकटतो, कड दुमडून आत जाते आणि मग सुटत नाही. मग जोर वाढवा, पाणी निवलं की बदला, बबल रॅपवर घासा. कुठल्या दिशेने घासता त्याच दिशेने तो जास्त आटतो हे लक्षात ठेवा, याचा फायदा घेता येतो, उंच राहिलाय तर उभा घासा, रुंद राहिलाय तर आडवा. गरम-गार गरम-गार असं बुडवायला पुष्कळजण सांगतात, मीही कधीकधी करते, पण काम होतं ते मुख्यतः घासण्याने, नुसतं बुडवून ठेवून काही होत नाही.

थांबायचं कधी? तुकडा उजेडाकडे धरा, टाक्यांमधून प्रकाशाचे ठिपके दिसतायत तोवर चालू ठेवा. दोन बोटांनी ताणून बघा, विणीसारखा ताणला नाही पाहिजे, जाड कापडासारखा वाटला पाहिजे. माझ्या हाताला साधारण पंधरा ते वीस मिनिटं लागतात. नमुन्याची एक कड कात्रीने कापून बघा, दोरे सुटले नाहीत तर झालं. नंतर साबण पूर्ण जाईपर्यंत धुवा, शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालते मी, साबणाचा अंश राहिला तर लोकर कालांतराने खरखरीत होते म्हणून. टॉवेलात दाबून पाणी काढा (पिळू नका), आणि ओला असतानाच बोटांनी ओढून आकार द्या, मधे टॉवेलाची छोटी गोळी ठेवून गाल जरा फुगवा, आणि तसाच सुकू द्या. पूर्ण वाळल्याशिवाय पुढचं काम नको, ओल्या लोकरीत सुई अडकते आणि गंजतेही.

आता कान. नमुन्याच्या फेल्टमधून दोन त्रिकोण कापा, पाया दीड सेंटिमीटर, उंची पावणेदोनपर्यंत. आता तुम्ही म्हणाल हे तर फसवणूक झाली, कापायचंच होतं तर विणलं कशाला. अहो, फेल्ट हे कापायचंच कापड आहे, ते उसवत नाही हाच त्याचा मोठेपणा. सायबेरियात पाझिरिकच्या बर्फात गोठलेल्या थडग्यांत फेल्टचे हंस सापडलेत, सुमारे २,३०० वर्षांपूर्वीचे, आता सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज म्युझियममध्ये आहेत, फेल्टचे तुकडे कापून, शिवून, आत भरण घालून केलेले. तेव्हापासून लोक कापतायत तर आपण का लाजायचं.

त्रिकोणाचा पाया चिमटीत दाबून मधे हलकी घडी घाला म्हणजे कान द्रोणासारखा होतो, सपाट लावला तर तो कागदी वाटतो. ढालीच्या वरच्या कोपऱ्यांपासून जरासा आत, मागच्या बाजूने पायाचा तीनचार मिलिमीटर भाग चेहऱ्यावर टेकवा आणि सुईने तिरकं टोचत बसवा, मग त्या जोडावर नारिंगी सुट्या लोकरीची पातळ झिरमिरी टाकून परत टोचा म्हणजे शिवण दिसत नाही. कानाच्या मागच्या बाजूला आणि टोकाला काळी लोकर लावा. खऱ्या तांबड्या कोल्ह्याचे कान मागून काळेच असतात. (आपण मराठीत कोल्हा म्हणतो तो खरं तर जॅकल, आणि फॉक्सला शब्द आहे खोकड, पण खोकडाचा ब्रूच म्हटलं तर कोणी घालणार नाही, तेव्हा कोल्हाच म्हणूया.) ब्रूच समोरून बघतात, मागचं काळं कोणाला दिसणार, असं वाटेल, पण कडेने जी काळी रेघ डोकावते तिच्यामुळेच तो मांजर न वाटता कोल्हा वाटतो.

फेल्टिंगची सुई तुम्ही अजून वापरली नाहीये असं लिहिलंय, तर थोडं तिच्याबद्दल. ही सुई मुळात कारखान्यातली, विणाईशिवाय कापड बनवणाऱ्या यंत्रांत अशा हजारो सुया एकदम खालीवर होतात. तिच्या टोकापासून वर कडांना बारीक खाचा असतात, आत जाताना त्या केसांना आत ढकलतात आणि बाहेर येताना तिथेच सोडून येतात. म्हणजे हे सगळं काम यांत्रिक आहे, पाणी-साबण काही नाही, आणि म्हणूनच सुई सुपरवॉशवर आणि काही प्रमाणात ॲक्रिलिकवरसुद्धा चालते, तुमच्या त्या न आटलेल्या दुसऱ्या कोल्ह्यावरही चालेल, फक्त पकड कमी राहील. नंबर जेवढा मोठा तेवढी सुई बारीक. ३६ जाड, ३८ सर्वसाधारण, ४० बारीक. एकच घ्यायची तर ३८, दोन घ्यायच्या तर ३८ आणि ४०, तुटतात म्हणून प्रत्येकी दोनतीन.

तुटण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच, आत गेलेली सुई वाकवून बाहेर काढणं. ज्या कोनात आत गेली त्याच कोनात बाहेर. तिरकं टोचा हवं तर, पण तिरकं आत, तिरकंच बाहेर, मधे मनगट फिरवायचं नाही. खाली जाड फोम ठेवा, मांडीवर ठेवून करू नका, आणि टोचताना नजर सुईच्या टोकावर, मालिका बघत बघत नाही. माझ्या डाव्या तर्जनीला याचा चांगला अनुभव आहे. टोक तुटून आत राहिलं तर ते शोधल्याशिवाय ब्रूच कोणाला देऊ नका, सुई पोलादाची असते, चांगला लोहचुंबक फिरवला की कळतं.

नाकाचा भाग, म्हणजे मुस्कट. पांढरी न कातलेली लोकर घ्या, आणि ती घेताना मऊ मऊ मेरिनोच्या मोहात पडू नका. मेरिनोचा केस बारीक, साधारण २४ मायक्रॉनच्या आत, गळ्याशी छान लागतो पण सुईकामात घट्ट व्हायला वेळ खातो आणि प्रत्येक टोचणीचं भोक दिसतं. कॉरिडेलसारखी २५ ते ३० मायक्रॉनची जरा भरड लोकर पटकन पकडते. आणि लांब पट्ट्यात सगळे केस एकाच दिशेला असतील तर हाताने तोडून तोडून आडवेउभे एकत्र करा, कात्रीने कापू नका. मटारच्या दाण्याहून जरा मोठी दिसेल एवढी गोळी होईल इतपत लोकर, फुगलेली असताना ती आवळ्याएवढी वाटते. ती फोमवर फिरवत फिरवत टोचा, एका बाजूने सपाट राहू द्या. पाऊणएक घट्ट झाली, बोटाने दाबल्यावर अजून थोडी दबते, अशा वेळी थांबा आणि चेहऱ्यावर ठेवा, ढालीच्या खालच्या टोकाच्या जरा वर. पूर्ण कडक गोळी केलीत तर ती जोडली जात नाही, खडा चिकटवल्यासारखी दिसते. आता कडेकडेने खोल टोचा, तिचे केस खालच्या नारिंगी कापडात शिरले पाहिजेत, मागून उलटून बघा, मागे पांढरी लव आली म्हणजे धरलं.

मग गालांसाठी पांढऱ्याची पातळ झिरमिरी, इतकी पातळ की खालचं नारिंगी दिसतंय, मुस्कटापासून बाहेर वर डोळ्यांच्या खालपर्यंत दोन्हीकडे. एकदम जाड थर लावायचा मोह होतो, लावू नका, पातळ तीन थर जाड एका थरापेक्षा जास्त घट्ट बसतात आणि कमीजास्त करता येतात. इथे ४० नंबर घ्या, उथळ उथळ टोचा. एक बाजू मोठी झाली तर घाबरू नका, नारिंगी लोकर थोडी वरून टाकून खोडता येतं, सुईकामाचं हेच तर सुख आहे, पाण्यात काही खोडता येत नाही. नाकाच्या टोकाला काळ्या लोकरीची कणभर गोळी. डोळ्यांसाठी ३ मिमीचे काळे मणी, पण शिवायच्या आधी टाचण्या खुपसून जागा ठरवा, मोबाइलवर फोटो काढा आणि तो फोटो आडवा उलटा करून बघा, जो वाकडेपणा आपल्या नजरेने पचवलेला असतो तो आरशात लगेच टोचतो. कोल्ह्याचे डोळे मुस्कटाच्या मुळाशी, जवळजवळ आणि जरा तिरके. फार लांब लावले की अस्वल होतं. शिवताना दोरा मागे किंचित खेचून गाठ मारा म्हणजे मणी खोबणीत बसतो, वर ठेवल्यासारखा दिसत नाही.

राहिली मान टाकण्याची गोष्ट. तुम्ही पिन मध्यभागी लावलीये, बरोबर? मुस्कट पुढे आलेलं असल्यामुळे वजन पुढे जातं आणि मधल्या पिनेवर सगळा ब्रूच पुढे कलतो. पिन वरच्या एक तृतीयांशात लावा, कानांच्या अगदी खाली, आडवी, आणि अडीच सेंटिमीटर लांबीची, म्हणजे तो गोल फिरणारही नाही. भोकं असलेली पट्टीची पिन घ्या आणि शिवा. नुसत्या गोंदाने लावू नका, गोंद वरच्या लवेला धरतो आणि लव एक दिवस पिनेसकट निघून येते, माझं एक घुबड असंच कुठेतरी पडलं, पिन तेवढी स्वेटरला राहिली. नमुन्यातून उरलेल्या फेल्टचं ढालीपेक्षा दोन मिलिमीटर लहान अस्तर कापा, त्याला आधी पिन शिवा, मग अस्तर मागे कडेने शिवा, त्याने दोऱ्यांच्या गाठी आणि मागे आलेली पांढरी लवही झाकली जाते. पातळ कपड्याला लावायचा असेल तर कपड्याच्या आतून फेल्टचा छोटा तुकडा ठेवून त्यातून पिन काढा, नाहीतर कापडच खाली लोंबतं आणि आपण ब्रूचला दोष देतो.

आणि हो, तो बटाटा टाकू नका. गोल आहे, घट्ट आहे, म्हणजे साळूचं अंग आयतं तयार आहे. साळूचे कान एवढेसे असतात की दोन ठिपके टोचले तरी चालतं, तोंडाकडे फिकट लोकरीचं लांबुळकं टोक बसवा, दोन डोळे, पाठीवर तपकिरी लोकर एका टोकाला टोचून दुसरं टोक मोकळं सोडत ओळीने लावा आणि शेवटी कात्रीने सारखी करा. काटे विणून फेल्ट करायच्या भानगडीत मात्र पडू नका, मी एकदा पाठभर लूप विणून गरम पाण्यात घातले होते, बाहेर आलं ते पायपुसणं. पहिला हात साळूवरच बसवा आणि मग कोल्ह्याकडे या, नमुन्याची मापं आली की इथेच लिहा, टाके काढून देते.